अम्मींच्या गुडघ्यांना झेपेल असे बेट

अम्मींनी आयुष्यात एकच बेट पाहिले होते, आणि ते बेट आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मुंबईला हाजी अलींच्या दर्ग्यावर त्या अब्बांसोबत गेल्या होत्या. ओहोटी होती म्हणून वाट उघडी होती. भरती आली की ती वाट पाण्याखाली जाते आणि दर्गा समुद्रात एकटा उरतो. परतीच्या गाडीची घाई होती. अब्बा म्हणाले होते, पुढच्या वेळी निवांत येऊ, पाण्यात पाय सोडून बसू. ती पुढची वेळ आली नाही. अब्बांना जाऊन आता नऊ वर्षे झाली.

दिवाळीच्या सुट्टीत समुद्राकडे जायचे ठरले तेव्हा अम्मी नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "तुम लोग जाओ, मैं घर देखती हूँ." दोन्ही गुडघे झिजलेले, नमाजही खुर्चीवर बसून, त्यामुळे प्रवासाचे नाव काढले की हेच उत्तर येते. या वेळी आम्ही सांगितले की घराला कुलूप लागेल, घर स्वतःकडे पाहील.

मुलांना बेटच हवे होते. किनारा नको, बेट. मग महिनाभर आमच्या दस्तरखानावर बेटांखेरीज दुसरा विषय नव्हता.

जवळचे म्हणून एका नातेवाईकाने मुरुड-जंजिरा सुचवला. किल्ला पाहण्यासारखा आहे यात शंका नाही, पण ते अर्ध्या दिवसाचे काम. पाण्यात उतरण्यासाठी तिथे किनारा नाही, आणि हलत्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर पाऊल टाकावे लागते, ते अम्मींना जमणारे नव्हते. मालदीवचे नाव मुलीने काढले. पासपोर्ट होते, अम्मींचाही उमऱ्यासाठी काढलेला होता, पण विमानतळापासून पुढच्या बेटापर्यंतच्या बोटीचा खर्च पाहूनच ते पान मिटले.

मन खरे तर लक्षद्वीपवर बसले होते. छत्तीस बेटे, त्यांपैकी दहांवर वस्ती, आणि वस्तीत शंभरातले शहाण्णव मुसलमान. अंद्रोतला संत उबैदुल्लाहांची मजार, कवरत्तीला उज्रा मशीद, मिनिकॉयला महल भाषा बोलणारी माणसे. हलालची चौकशी नको, नमाजेला जागा शोधणे नको. आपली माणसे, आपले बेट, असे आम्हाला वाटत होते. मग तिथे जायचे कसे याची माहिती काढली. आधी प्रवेशाचा परवाना लागतो, तो वेळेत मागवावा लागतो. कोचीहून जहाजाने चौदा ते अठरा तास. आणि बऱ्याच बेटांजवळ जहाज थेट धक्क्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि जहाजाच्या बाजूच्या दारातून माणसे लहान होडीत उतरतात. लाटेवर होडी वर येते, खाली जाते, ती वर आली की पाऊल टाकायचे. अगत्तीला विमान जाते हे खरे, पण आमच्या सुट्टीच्या तारखांना पाच जागा एकत्र मिळाल्या नाहीत. आपली माणसे कितीही असोत, गुडघे आधी होडीत उतरायला हवेत.

म्हणून अंदमान. अम्मींनी ऐकले आणि चष्मा काढून ठेवला. "काले पानी पे कौन जाता है छुट्टी मनाने?"

दोघेही शिक्षक असल्यामुळे आम्ही लगेच धडा सुरू केला. १० मार्च १८५८ रोजी दोनशे कैद्यांची पहिली तुकडी तिथे उतरवली गेली, १८५७ च्या उठावातले कितीतरी उलमा तिथेच राहिले, अल्लामा फज्ले हक खैराबादींची कबर तिथे आहे. अम्मींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तो फातिहा पढ़ने चलो. छुट्टी अपने आप हो जाएगी." असा प्रश्न मिटला.

अंदमान म्हणजे एक बेट नव्हे, आणि खरी निवड तिथून सुरू होते. आमच्या शहरातल्या एका ट्रॅव्हल एजंटाने चार रात्री हॅवलॉकची सहल पुढे ठेवली. सगळे तेच घेतात, म्हणाला. हॅवलॉकचे नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झाले आणि शेजारच्या नीलचे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही आता श्री विजयपुरम आहे. पण बोटवाले आणि रिक्षावाले जुनीच नावे घेतात, म्हणून आम्हीही तीच वापरतो. आम्ही एजंटाला दोनच प्रश्न विचारले: खोलीपासून पाण्यापर्यंत किती पावले, आणि तिथले पाणी किती उथळ. त्याला दोन्ही ठाऊक नव्हते. त्याच्या हातातला फोटो मात्र सुंदर होता. शेवटी आम्ही स्वतःच आखले: हॅवलॉक एक रात्र, नील तीन रात्री, आणि परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरला एक मोकळा दिवस. हा मोकळा दिवस चैनीचा नाही. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि नोव्हेंबरातही तिकडे पाऊस असतो.

पोर्ट ब्लेअरला पहिल्याच दिवशी खैराबादींच्या मजारीवर गेलो. गालिबचे दोस्त, तर्कशास्त्राचे मोठे आलिम. जन्मठेपेवर इथे आणले गेले आणि १८६१ मध्ये इथेच इंतकाल झाला. कैदेत असताना त्यांनी अरबीत १८५७ ची हकीकत लिहिली, ती 'अस्सौरतुल हिंदिया' म्हणून ओळखली जाते. त्यांचा मुलगा सुटकेचा हुकूम घेऊन आला तेव्हा समोरून बापाचाच जनाजा येत होता, असे सांगतात. अम्मींनी फातिहा पढली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. आमचा टॅक्सीवाला मलबारी मुसलमान होता. १९२१ च्या मलबारच्या उठावानंतर ज्या मोपल्यांना इथे पाठवले, त्यांच्या वंशातला. त्यांच्या गावांची नावे त्यांनी इथेही लावली, दक्षिण अंदमानात मंजेरी आहे, तिरूर आहे, कालिकतही आहे. सेल्युलर जेलमध्ये अम्मी जिना चढल्या नाहीत. आवारात बसून त्यांनी मुलांना सांगितले, वर जाऊन कोठड्या मोजून या. मुले साठपर्यंत मोजून थकली. सात ओळींपैकी आज तीनच उभ्या आहेत, सुरुवातीला कोठड्या सातशेच्या घरात होत्या.

एक सहल आम्ही मुद्दाम सोडली. बाराटांगच्या चुनखडी गुहांकडे जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. फोटोला बंदी आहे, गाड्या ताफ्याने जातात, तरी खिडकीला डोळे लावून माणसे शोधण्यासाठीच बरेच जण जातात. मुलगा रुसला. आम्ही त्याला विचारले, आपल्या मोहल्ल्यातून रोज गाड्यांचा ताफा आपल्याला पाहायला आला तर? त्याने उत्तर दिले नाही, पण पुन्हा हट्टही केला नाही.

हॅवलॉकबद्दल तक्रार करावी असे काही नाही. राधानगरचा किनारा खरोखर तसाच आहे जसा फोटोत दिसतो: रुंद, पांढरा, मागे उंच झाडांचे जंगल. २००४ मध्ये टाइम साप्ताहिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून त्याला निवडले होते. पण धक्क्यापासून तो दहा-बारा किलोमीटरवर, वाहनतळापासून पुढे वाळूतली चाल, आणि लाटा जोरदार. अम्मी झाडाखालच्या बाकावर बसल्या आणि लांबूनच पाहत राहिल्या. मगरींपासून सावध राहण्याचे फलक आहेत, ते गमतीत घेऊ नयेत. २०१० मध्ये याच बाजूला एका पर्यटक महिलेचा मगरीने जीव घेतला होता.

आम्हाला खटकले ते वेगळेच. आमच्या चौदा वर्षांच्या मुलीने या सहलीसाठी अंगभर पोहण्याचा पोशाख मागवला होता, स्कार्फसकट. दुपारी तीनच्या गर्दीत ती गुडघाभर पाण्यात गेली आणि पाच मिनिटांत परत आली. कोणी काही बोलले नव्हते. फक्त तिच्याकडे वळून पाहत होते, आणि एकाचा मोबाइल तिच्या दिशेने होता. तो स्वतःचाच फोटो काढत असेलही. तिने ओढणी गुंडाळली आणि दादीजवळ जाऊन बसली. त्या बाकावर आमची दोन माणसे होती, एक गुडघ्यांमुळे, एक नजरांमुळे, आणि समोर आशियातला सर्वोत्तम किनारा.

नीलला उतरताना मुलाला बोट लागली, तिकडे फार लक्ष देत नाही. नीलचा धक्का बराच लांब आहे, अम्मींना दोनदा थांबावे लागले. मात्र तो संपला की सगळे जवळ. बेट इतके लहान की रिक्षाने या टोकाहून त्या टोकाला पंधरा-वीस मिनिटे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवले, म्हणून किनाऱ्यांची नावे रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. त्यांनी जंगल साफ करून भाजीपाला पिकवला, तो आजही बोटीने पोर्ट ब्लेअरला जातो. जेवणात ताजी मासळी, डाळ, भात आणि याच मातीतली वांगी. मासळीला जबीहाचा प्रश्नच नाही, त्यामुळे आम्हाला कोणाला काही विचारावे लागले नाही.

भरतपूरचा किनारा धक्क्याच्या जवळच. पाणी उथळ, लाट जवळजवळ नाही, कारण बाहेर प्रवाळाचा बांध आहे. पण दुपारी गेलो तर तिथेही काचेच्या तळाच्या बोटी, भोंगे, दिवसापुरत्या आलेल्यांची गर्दी. शिवाय ओहोटीला पाणी मागे सरते आणि पायाखाली टोकदार प्रवाळ उघडे पडते, त्यावर चालू नये, पायालाही आणि प्रवाळालाही बरे नाही. मुलीने आमच्याकडे पाहिले. इथेही तेच, असे तिचे डोळे म्हणत होते.

उत्तर मिळाले ते नमाजेच्या वेळापत्रकातून. अंदमान मुंबईच्या खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. म्हणजे सूर्य तिथे सुमारे ऐंशी मिनिटे आधी डोक्यावर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जुहर अकरानंतर लगेच लागते, आणि मगरिब पाचच्या आत. पहिल्या दिवशी आमची असर थोडक्यात वाचली. फजर चारच्या सुमारास, सूर्योदय सव्वापाचला. (आम्ही कसर पढत होतो, मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी म्हणून. कोकणातले शाफई वाचक आपल्या आलिमांना विचारतीलच. आणि किब्ला मावळत्या सूर्याच्या रोखाने धरू नका, त्या दिवसांत तो सूर्याच्या बराच उजवीकडे राहतो.)

फजरनंतर सहसा आपण पुन्हा लवंडतो. तिथे सव्वापाचला उजाडले होते आणि पहिली बोट यायला अजून वेळ होता. आम्ही सगळे भरतपूरला गेलो. किनाऱ्यावर दोन कुत्री आणि जाळे सुकवणारा एक म्हातारा, बस्स. पाणी चढत होते. मुलगी पोशाखासह धावत गेली आणि अशी पोहली की आम्ही तिला ओळखलेच नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्येही इतकी मोकळी हसलेली पाहिली नव्हती.

अम्मींसाठी खोलीतून प्लास्टिकची खुर्ची आणली होती, मालकाला विचारून. आम्ही दोघांनी ती पाण्यात घोटाभर खोलीवर ठेवली, पाय वाळूत रुततात का ते दाबून पाहिले. अम्मी हात धरून आल्या, बसल्या. पाणी चढत चढत पिंढऱ्यांपर्यंत आले. बुरख्याची कड भिजली तशी आम्ही म्हटले, खुर्ची मागे घेऊ या. "रहने दो," त्या म्हणाल्या. त्यांची तस्बीह हातात होती, पण मणी फिरत नव्हते. लहान मासे पायांशी येत होते, ते पाहत होत्या. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाल्या, "तेरे अब्बा को पानी ठंडा लगता." पाणी कोमट होते.

पुढचे दोन्ही दिवस असेच: फजर, खुर्ची, पाणी, आठच्या सुमारास परत, मग नाश्ता. दुपारी मुलांना घेऊन लक्ष्मणपूरजवळची नैसर्गिक खडकाची कमान पाहून आलो. तिथे ओहोटीलाच जाता येते आणि वाट निसरड्या दगडांतून आहे, म्हणून अम्मींना खोलीतच ठेवले. मुलाने एक शिंपला खिशात घातला होता. तिथून शिंपले-प्रवाळ नेता येत नाहीत, तो परत ठेवायला लावला.

खोली घेताना तळमजला, कमोड आणि पायऱ्या किती हे फोनवर विचारून घ्या. आम्ही विचारले होते, तरी दाराशी तीन पायऱ्या निघाल्या. मालकाने दुसऱ्या दिवशी लाकडी फळी टाकून दिली, आम्ही न सांगता.

परतीच्या बोटीत अम्मी खिडकीशी बसल्या. त्यांना बोट लागेल म्हणून गोळी दिली होती, ती त्यांनी घेतलीच नव्हती, पर्समध्येच निघाली. नील मागे दिसेनासे झाले तेव्हा त्यांनी विचारले, "वो लक्षद्वीप के जहाज से उतारते वक्त, हाथ पकड़ने को कोई रहता क्या?"