अब्बांचे साडेसहा आठवडे

अब्बांना मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. दुर्बिणीतून गाठ काढल्यावर डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: मूत्राशय काढून पोटावर पिशवी लावायची, किंवा रेडिएशन आणि केमो देऊन ते राखायचे. अब्बांनी दुसरी वाट धरली.

शनिवार-रविवार सोडून साडेसहा आठवडे, ३२ वेळा, आम्ही भावंडांनी पाळीपाळीने त्यांना नेले. यंत्राखाली काही मिनिटेच जात. खरा त्रास घरी. लघवीला आग, रात्रीतून कितीदा तरी उठणे. आठवड्यातून एकदा सलाईनमधून केमो. मग अन्नाचा वासही नकोसा. अम्मी पेजेची वाटी घेऊन शेजारी बसायची.

शेजारून सल्ला आला, नातवंडांना लांब ठेवा. आम्ही डॉक्टरांना विचारले. बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत, ते म्हणाले. त्याच संध्याकाळी धाकटी नात अब्बांच्या मांडीवर होती.

आता दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असते. तारीख जवळ आली की घर गप्प होते. बिडी मात्र सुटली. या आजाराचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूरच.

अब्बांना आधी दिसले ते फक्त लघवीतले रक्त. दुखले काहीच नव्हते. तुमच्या घरात कुणाला एकदाही असे दिसले, तर लाजू नका, दुखण्याची वाट पाहू नका.