नकुसा आत्या

आमच्या शिरूर-दौंडकडं पूर्वी नाव शोधत बसावं लागत नसे. रांजणगावच्या गणपतीला नवस बोलला की गणपत. जेजुरीच्या खंडोबाचा खंडू नाहीतर मल्हारी, वीरच्या म्हस्कोबाचा म्हस्कू. तुकोबांची पालखी यवत, वरवंड, पाटसवरून जाते, तर त्या वाटेला तुकाराम काय कमी? पोरीला भीमा ठेवलं की झालं, नदी उशाशीच होती.

काही नावं मात्र भ्यालेल्या आयांनी ठेवलेली. माझ्या वडलांच्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून ते दगडू. दगडाला कोण उचलून नेतं? धोंडू, केरबा, उकिरडा ही सगळी त्यातलीच. शहरातले पाव्हणे ऐकून हसतात. देवी आणि पटकीनं घरंच्या घरं रिकामी व्हायची त्या दिवसातली ही नावं, मला काही हसू येत नाही.

पण नकुसा हे नाव त्यातलं नव्हं. दगडू ठेवायचं ते पोर राहावं म्हणून. नकुसा ठेवायचं ते पाठीवर पुन्हा पोरगी होऊ नये म्हणून. वडलांच्या पाठच्या तिसऱ्या बहिणीला आजीनं हे नाव ठेवलं. आणि आपल्यात रीत अशी, की बारशाला पाळण्यात नाव ठेवायचा मान आत्याचा! जिला स्वतःचं नाव असं मिळालं, तिनं आम्हा पाचही भावंडांची नावं ठेवली. माझ्या तिसऱ्या बहिणीच्या वेळी आजी म्हणाली, "हिलाबी नकुसाच म्हणा." आत्या पाळण्यात वाकली, कानात कुर्रर्र केलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "मंगल!" बायकांनी रीतीप्रमाणं पाठीत धपाटे घातले, ते तिनं हसत खाल्ले. आजी चार दिवस बोलली नाही.

आत्याच्या लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर 'लक्ष्मी' लिहिलं. तरी माहेरी ती नकुसाच. मामा वारल्यावर वारसनोंदीला ही दोन नावं आडवी आली. मतदार यादीत नकुसा, रेशनकार्डावर लक्ष्मी. शाळेचा दाखला नाहीच. तलाठी म्हणाला, "ही एक बाई का दोन, पुरावा आणा." प्रतिज्ञापत्र, पोलीसपाटलाचा दाखला, साक्षीदार... दोन पावसाळे मी तिच्याबरोबर शिरूरला हेलपाटे घातले. तोवर सोसायटीचं पीककर्जही अडकलेलं. शेवटी सातबाऱ्यावर 'लक्ष्मी ऊर्फ नकुसा' अशी नोंद लागली, तेव्हा तिनं तलाठ्यालाच पेढा दिला. मी दिला नसता.

2011 च्या ऑक्टोबरात साताऱ्याला जिल्हा परिषदेनं पावणेतीनशेच्या वर नकुसांना नवी नावं दिली. त्यातल्या कितीतरी पोरींनी आपलं नाव आपणच निवडलं. पेपरातली बातमी मी तिला वाचून दाखवली आणि विचारलं, "आत्या, तुला कोणतं घ्यायचं?"

"गप आरं! दोघींना एका कागदावर आणायला जीव गेला माझा. आता तिसरी कशाला?" मग जरा थांबून म्हणाली, "पण त्या पोरींचं चांगलं केलं."

आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकराच्या नावापुढं सरकारी कागदावर आधी आईचं, मग बापाचं नाव लिहितात. त्यानंतर मला नात झाली. नाव सुनेनं मोबाईलवर शोधलं, पण कुर्रर्र मंगलच्या भाचीनं, म्हणजे माझ्या लेकीनंच केलं. दाखल्याचा अर्ज मी भरला. आईच्या नावाशी क्षणभर पेन थांबलं, माहेरचं लिहू का सासरचं? सुनेनं लग्नात नाव बदललंच नव्हतं. एका ओळीत काम झालं.