तिघांपैकीं दोघे

मनुष्याची संपत्ति म्हणजे त्याच्या वस्तु, अशी आपली सामान्य समजूत असते. परंतु कोणती वस्तु कोणाची व ती कोठें आहे हें सांगणारी यादी नाहींशी झाली, तर वस्तु जागच्या जागीं असूनहि असून नसल्यासारख्या होतात. हा विचार नवा नाहीं. पण तो आमच्या मनावर ठसला तो गेल्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयाची संगणकव्यवस्था कोसळली तेव्हां. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. यंत्रांशीं आमचा परिचय विजेची कळ दाबण्यापलीकडे कधीं गेला नव्हता. तरी पुनर्रचनेच्या वेळीं कोणीतरी जबाबदार माणूस समक्ष असावा म्हणून संस्थेनें आम्हांस तेथें बसविलें, आणि तीन दिवस आम्ही जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

हल्लीं एका मोठ्या यंत्रांत अनेक ‘आभासी’ सर्व्हर नांदतात. मुंबईच्या वाचकांस हें समजावण्यास चाळीचा दृष्टान्त पुरे आहे. इमारत एक, बिऱ्हाडें अनेक. प्रत्येकाचें दार निराळें, संसार निराळा. ग्रंथालयाची सूची एका बिऱ्हाडांत, परीक्षेचे गुण दुसऱ्यांत, शुल्काचा हिशेब तिसऱ्यांत. आमच्याकडे अशीं तीन यंत्रें होतीं, आणि कोणतें बिऱ्हाड कोणत्या यंत्रांत राहतें, त्यास स्मृति किती, सांठवणीची जागा कोणती, याची एक वही तिन्ही यंत्रें मिळून राखीत. वहीची प्रत तिघांपाशीं. पण नवी नोंद करावयाची तर निदान दोघांची संमति हवी. या मंडळास जाणते लोक ‘क्लस्टर’ म्हणतात.

त्या रात्रीं मानखुर्दला वीज चार वेळां गेली आणि चार वेळां आली. सकाळीं पहिलें यंत्र जळालेलें आढळलें. तिसऱ्याचे दिवे लागलेले होते, परंतु तें कोणाशींहि बोलेना. उरलें मधलें. आश्चर्य असें कीं त्यांतील ग्रंथालय खुशाल चाललें होतें! परीक्षेचें बिऱ्हाड मात्र तिसऱ्या, मूक यंत्रांत होतें. त्याची सारी सामग्री सामाईक कोठारांत सुरक्षित होती. तें मधल्या यंत्रांत हलविलें कीं काम होणार होतें. पण हलविण्यास वहींत नोंद हवी, नोंदीस दोन मतें हवींत, आणि मत देणारें यंत्र एकच शिल्लक. वही वाचतां येत होती. लिहितां येत नव्हती.

बाहेर व्हरांड्यांत विद्यार्थ्यांची रांग लागली होती. पदव्युत्तर प्रवेशाची मुदत परवां संपणार होती. त्यांत लल्लूभाई कंपाउंडमधील एक मुलगी होती. घरांत पदवीपर्यंत पोंचलेली ती पहिलीच. गुणपत्रक वेळेवर मिळालें नाहीं तर तिचें वर्ष जाणार, आणि वर्ष गेलें तर घरचे लोक तिला पुन्हां शिकूं देतीलच याची खात्री तिलाहि नव्हती.

दुरुस्तीला आला तो आमचाच जुना विद्यार्थी. तो खाडीपलीकडे नव्या मुंबईंत नोकरी करतो. आमच्यासाठीं त्यानें रजा काढली होती. कार्यालयाचा आग्रह एकच: मधल्या यंत्रास एकट्यानेंच ‘होय’ म्हणावयास लावा आणि मोकळे व्हा. तशी आज्ञा देतां येते, हें त्यानें नाकारलें नाहीं. पण तो आम्हांस म्हणाला, “सर, जो बोलत नाहीं तो मेलाच असें धरतां येत नाहीं. आधीं मला त्याची तार काढूं द्या.” आणि त्यानें तिसऱ्या यंत्रामागें वांकून विजेची तार स्वतःच्या हातानें उपसली, ती आम्हांस दाखविली, आणि मगच तो आज्ञा देण्यास बसला.

या लहानशा कृतीचें मर्म त्यानें नंतर सांगितलें. मूक यंत्र मेलेलें नसून केवळ बहिरें झालेलें असेल, तर त्यांतील परीक्षेचें बिऱ्हाड अजून कोठारांत लिहीत असेल. तेंच बिऱ्हाड इकडेहि सुरू केलें तर एका पानावर दोन हात दोन मजकूर लिहूं लागतील, आणि घटकाभरांत कोणाचेहि गुण कोणास वाचतां येणार नाहींत. बहुमताचा नियम याचसाठीं. तिघांचे दोन गट पडले तर दोघांचा गट एकच असूं शकतो. म्हणून दोन राजे एकाच वेळीं गादीवर बसत नाहींत. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञानें हा प्रश्न १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत पॅक्सोस नांवाच्या ग्रीक बेटावरील एका काल्पनिक विधिमंडळाच्या रूपानें मांडला आहे: सभासद येतात जातात, निरोप हरवतात, तरी एकदां संमत झालेला ठराव फिरत नाहीं. गणित्यास कथेचा आश्रय घ्यावा लागला, याचा आमच्यासारख्या वाङ्मयाच्या शिक्षकास थोडा अभिमान वाटला, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु सर्व प्रती परस्परांशीं जोडलेल्या असल्या म्हणजे त्या प्रतीच नव्हेत, असेंहि तो म्हणाला. आणि त्याचें उदाहरण खाडीपलीकडचेंच होतें. २७ जून २०१७ रोजीं ‘नॉटपेट्या’ नांवाचा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधून निघून जगभर पसरला. मर्स्क या जहाजकंपनीचीं यंत्रें बंद पडलीं, आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत तिच्या समूहाकडे असलेल्या धक्क्याचें कामहि थबकलें. कंपनीनें पुढें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानें उभे केले. पण कोणास कोठें प्रवेश आहे ही मूळ यादी सुमारें १५० यंत्रांत होती. तीं सर्व एकमेकांच्या नकला राखीत, आणि म्हणून सर्व एकदमच पुसलीं गेलीं. वांचलें तें एकच, आफ्रिकेंतील घाना देशांतलें. कारण त्या वेळीं तेथील वीज गेली होती! ज्या गोष्टीनें आमचें घर बुडविलें, तिनेंच त्यांचें तारलें.

हें ऐकत असतां आमच्या मनांत आमचें मानखुर्दच उभें राहिलें. या भागांतील पुष्कळ वस्ती कोठूनतरी उठवून आणलेल्यांची आहे. १९७६ सालीं, आणीबाणीच्या दिवसांत, अणुसंशोधन केंद्राच्या कामासाठीं जनता कॉलनी हलविण्यांत आली आणि सुमारें ७०,००० माणसें चिता कॅम्पांत आलीं. त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईंतील झोपड्यांची गणना होऊन रहिवाशांस फोटोपास देण्यांत आले होते. पुढें लोहमार्गालगतच्या झोपड्या हलवून लोकांस लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत घरें मिळालीं, तीं यादींत नांव असलेल्यांस. यादीच्या नोंदणींत वस्तींतील बायकांचाहि हात होता. ‘महिला मिलन’चें हें काम प्रसिद्ध आहे. दारोदार जाऊन लिहावें, लिहिलेलें वस्तींत सर्वांसमोर वाचावें, चूक असेल ती शेजाऱ्यांनीं सांगावी. सरकारच्या कपाटांतील कागद एक मत, पत्र्याच्या पेटींतील पास दुसरें, शेजाऱ्यांची साक्ष तिसरें. तिघांपैकीं दोघे जुळले म्हणजे माणसास छप्पर मिळे.

आमच्या यंत्रांचेंहि शेवटीं तसेंच झालें. परीक्षेचें बिऱ्हाड त्याच संध्याकाळीं मधल्या यंत्रांत उघडलें आणि गुणपत्रकें छापूं लागलीं. तिसरें यंत्र दुसऱ्या दिवशीं पुसून नवें केलें. जुनी ओळख पुसल्यावांचून त्यास मंडळांत परत घेतलें नाहीं, नाहींतर तें आपली शिळी वही खरी म्हणून पुढें करतें. जळालेल्या यंत्रांतील बिऱ्हाडांच्या क्रमांकांविषयीं व पत्त्यांविषयीं थोडा संशय होता. तो कार्यालयांतील एका ज्येष्ठ बाईंनीं मिटविला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्या ती यादी छापून फाइलींत लावीत असत. हें करण्यास त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. “रेशनकार्डाची झेरॉक्स ठेवतों तशीच ही,” एवढेंच त्या म्हणाल्या. त्या येत्या वर्षीं निवृत्त होणार आहेत. त्यांच्या जागीं ही यादी कोण छापील, याचा निर्णय कोणत्याहि समितीनें अद्याप केलेला नाहीं.

आमच्या व्हरांड्यांतील त्या मुलीनें मुदतीच्या दिवशीं दुपारीं अर्ज भरला.

आतां दोनच यंत्रें आहेत. पहिल्याच्या जागीं नवें घेण्याचा ठराव खर्चाच्या प्रश्नावर अडला आहे, आणि दोहोंचें बहुमत दोन. म्हणजे एक गेलें तरी पुन्हां वही मिटणार. म्हणून आमच्या विद्यार्थ्यानें तिसरें मत म्हणून मुठीएवढा एक स्वस्त संगणक ग्रंथालयाच्या फळीवर, निराळ्या विजेवर, ठेवून दिला आहे. त्याच्यांत बिऱ्हाड एकहि नाहीं, त्याची शक्ति बेताची आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास तो दिसतहि नाहीं. त्याचें काम एवढेंच कीं दोघांपैकीं एक नाहींसा झाला, तर उरलेल्याच्या बाजूनें त्यानें साक्ष द्यावी. आम्ही रोज ग्रंथालयांत जातांना त्याचा हिरवा दिवा पाहून घेतों.