तिजोरीची किल्ली आणि सोळाकारणातली सातवी भावना



गेल्या महिन्यात बस्तीत पूजा झाल्यावर दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अक्का, हल्ली तुम्ही खुर्चीवर बसता, द्रव्याचं ताटही दुसरीच्या हातात देता. काय झालंय?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

मला संधिवात आहे. वय झाल्यावर गुडघे झिजतात तो नव्हे. माझ्या आजाराचं नाव रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची रोगाशी लढणारी शक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पट जास्त होतो. माझ्या हाताच्या बोटांपासून सुरुवात झाली. सकाळी उठल्यावर मूठच वळायची नाही. झिजेच्या दुखण्यात सकाळचं आखडलेपण बहुधा अर्ध्या तासात सुटतं. माझं तास-दीड तास राहायचं. आणि आपली सगळी कामं नेमकी त्याच वेळेची! हंड्यावर गाळणं बांधायचं, कणीक मळायची, डब्यांची झाकणं लावायची. गाळण्याची गाठ बसेना तेव्हा मी दातांनी ओढायची, कोणी बघत नाही ना ते पाहून.

नोकरी बँकेत, कॅश काउंटरवर. सोळा वर्षं. लोकांना वाटतं, नोटा मोजायला मशीन असतं, मग हाताला काय काम? पण गड्डीची पट्टी काढायची, फाटक्या नोटा वेगळ्या करायच्या, चिल्लर मोजायची, पुन्हा गड्ड्या बांधायच्या, हे सगळं बोटांचंच. शिवाय तिजोरी. तिला दोन किल्ल्या, एक अधिकाऱ्याकडे, एक माझ्याकडे. दोन्ही फिरल्याशिवाय ती उघडत नाही. ती किल्ली फिरवायची म्हटलं की आदल्या रात्रीपासून माझ्या पोटात गोळा यायचा. मी मुद्दाम लवकर निघायची, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायची आणि तो गरम ग्लास दोन्ही हातांत धरून उभी राहायची. चहावाला म्हणायचा, "बाई, चहा गार झाला की." गार झालेला चहा तसाच ठेवून मी बँकेत जायची.

घरी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांना 'जरा हात दुखतो' एवढंच. जवळच्या डॉक्टरांकडून दुखण्याची गोळी आणायची आणि ढकलायचं, असं वर्षभर चाललं. मनात मी स्वतःला समजावत होते की हा असातावेदनीय कर्माचा उदय आहे, मुकाट्याने सोसलं तर निर्जराच होईल. खरं सांगू का? त्यात धर्म थोडा होता आणि भीती जास्त. काउंटरवरून काढतील, लांब बदली करतील, 'बाईला बसवून पगार देतो' म्हणतील, ही भीती. तिला मी तपाचं पातळ नेसवलं होतं.

मग एका पगाराच्या आठवड्यात मशीन बिघडलं आणि दिवसभर हाताने मोजावं लागलं. संध्याकाळी हिशोबात पाच हजार कमी. कुणाला तरी जास्त गेले होते. कॅश कमी पडली तर ती कॅशियरने भरायची, हे आपल्याकडे ठरलेलंच. मी भरले. घरी मात्र सांगितलं की पैसे भिशीत दिले. सत्य अणुव्रत पाळणारी मी!

त्याच आठवड्यात पेन्शन न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी पैसे घेता घेता माझी बोटं धरली. "बाळ, हात सुजलाय की गं तुझा. दाखीव कुणाला तरी." रांगेत वीस माणसं उभी, आणि माझे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून संधिवाताच्या तज्ज्ञांकडे गेले. रक्त तपासलं, हाताचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, दुखण्याची गोळी दुखणं दाबते, आजार थांबवत नाही. उशीर झाला तर सांधे वाकडे होतात. मग मेथोट्रेक्सेट सुरू झालं. मैत्रिणींनो, ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, म्हणून मी 'जमेल तिथे साधी गोळी द्या' असं सांगून ठेवलं. डॉक्टर रागावले नाहीत, तुम्हीही विचारा. बाकी औषधं सांगणारे तर गल्लोगल्ली भेटतात. कुणी म्हणतं लसूण खा, कुणी म्हणतं आल्याचा रस मधातून घ्या, एकीने तर माशाचं तेल सुचवलं. आपण काय काय खात नाही, त्याची यादीच लोक औषध म्हणून देतात!

त्या वेळी दशलक्षण पर्व तोंडावर होतं. दरवर्षी मी दहाही दिवस एकाशन करते. औषधं तर खाऊन घ्यायची. मी घुश्शात गोळ्यांचं पाकीट सासूबाईंसमोर ठेवलं आणि पहिल्यांदा सगळं बोलून टाकलं, ते पाच हजारसुद्धा. मला वाटलं, म्हणतील, एवढ्याने व्रत सोडतेस? त्या जप थांबवून म्हणाल्या, "सोळाकारणातली सातवी भावना कोणती गं?"

"शक्तितस्तप."

"शक्ती बघून तप. आणि नववी?"

"वैयावृत्त्य."

"मग ते आम्ही कुणाचं करायचं? तू तर कुणाला हातच लावू देत नाहीस." एवढं बोलून त्यांनी पुन्हा माळ हातात घेतली.

त्या वर्षी मी एकाशन केलं नाही. सामायिकही खुर्चीवर करू लागले. जमिनीवर मांडी घालून बसले की अठ्ठेचाळीस मिनिटं माझं लक्ष गुडघ्यातच असायचं, आणि वेदनेचंच चिंतन म्हणजे आर्तध्यान, हे आपण स्वाध्यायात किती वेळा ऐकलंय.

बँकेत डॉक्टरांच्या दाखल्यासह अर्ज दिला. साहेब म्हणाले, "बघू." ते 'बघू' तीन महिने चाललं. आता मी खाती उघडण्याच्या टेबलावर आहे. कॅशचा भत्ता गेला, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. किल्ली नव्या मुलीच्या हातात दिली, त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत कोणाशी बोलले नाही. थंडीत घरी पोचायच्या आत सूर्यास्त होतो, म्हणून संध्याकाळचा डबा बँकेतच साडेपाचला खाते, गोळीही तेव्हाच. ती मुलगी कधीकधी समोर येऊन बसते आणि न विचारता डब्याचं झाकण उघडून देते.

सकाळी गाळणं आता सासूबाई बांधतात. गाठ अशी घट्ट मारतात की सोडायला ह्यांना बोलवावं लागतं. उद्या रविवार, गोळीचा दिवस. कॅलेंडरवर त्यांनी वर्षभराचे रविवार लाल पेनाने गोल करून ठेवलेत, आणि अष्टमी-चतुर्दशी हिरव्याने.

जय जिनेंद्र.