पावसाने मांडलेली आवर्तसारणी

पन्हाळ्याचा तांबडा जांभा आणि आमच्या कोडोलीची काळी रानं, दोन्ही मूळ एकाच दगडाची. तो दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोह, सिलिकॉन सगळे नांदतात. डोंगरमाथ्यावर पावसाने यातलं काय धुऊन नेलं आणि काय मागे ठेवलं, याची यादी केली की आवर्तसारणीचे गट आपोआप वेगळे होतात. मी रसायनशास्त्र शिकवताना फळ्यावरच्या तक्त्याआधी ही यादी करायला सांगतो.

सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम हे तिसऱ्या आवर्तातले सलग तिघे. आयन झाल्यावर तिघांकडेही दहाच इलेक्ट्रॉन उरतात. केंद्रकात प्रोटॉन मात्र ११, १२ आणि १३. ओढ वाढते तसा आयन आक्रसतो: त्रिज्या १०२, ७२ आणि ५४ पिकोमीटर. सोडियम मोठा आणि एकाच भाराचा, म्हणून पाण्याबरोबर निमूट निघून जातो. ॲल्युमिनियम जवळपास निम्म्या आकाराचा, भार तिप्पट. तो पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन इतका घट्ट धरतो की हायड्रोजन सुटतो, हायड्रॉक्साइड तयार होतं आणि जागीच साचतं. लोहाचा त्रिभारी आयनही तसाच वागतो. जांभ्याचा तांबडा रंग त्याचाच. पहिल्या-दुसऱ्या गटाची मंडळी ओढ्याला लागली आणि हे दोघे माथ्यावर राहिले. ॲल्युमिनियम भरपूर साचला तिथे बॉक्साइट झाला. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडची खाण त्याचीच.

आवर्तसारणीत ॲल्युमिनियमच्या खालचं घर १८६९ साली रिकामं होतं. ही सारणी मांडणाऱ्या दिमित्री मेंडेलीव्हनी ते रिकामंच ठेवलं आणि १८७१ मध्ये तिथल्या न सापडलेल्या मूलद्रव्याचं वर्णनही केलं: अणुभार सुमारे ६८, घनता ५.९. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द बुआबोद्राँना जस्ताच्या खनिजात गॅलियम सापडलं. त्यांनी घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हनी कळवलं, नमुना आणखी शुद्ध करा. केला, तर आकडा ५.९ आला! मूलद्रव्य डोळ्यांनी न पाहिलेला माणूस ते हातात धरणाऱ्याची मोजणी सुधारतो, हे केवळ सारणीतल्या शेजाऱ्यांशी असलेल्या साधर्म्याच्या जोरावर.

आज जगातलं बहुतेक गॅलियम बॉक्साइट शुद्ध करताना मिळतं. त्याचा त्रिभारी आयन ६२ पिकोमीटरचा, म्हणून तो खनिजात ॲल्युमिनियमच्या जागी सहज बसतो. खरं तर स्तंभात खाली उतरताना आकार चांगलाच वाढायला हवा. पण मध्ये स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्यं येतात, त्या टप्प्यात आतल्या कवचात भरलेले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट झाकत नाहीत आणि ही वाढ आखडते. अपवाद पाठ करायला लावण्यापेक्षा ही जागा दाखवावी.

वाहून गेलेलं कुठे गेलं? कॅल्शियमचा काही भाग काळ्या रानात चुनखडी होऊन बसला. शिरोळकडच्या अति पाणी दिलेल्या उसाच्या जमिनी सोडियम साचून क्षारपड झाल्या. तिथे शेतकरी जिप्सम टाकतात, कारण जिप्सममधला द्विभारी कॅल्शियम चिकणमातीच्या कणांवरून एकभारी सोडियमला हुसकावतो. पण नुसत्या जिप्समने भागत नाही. सुटलेला सोडियम पाण्याबरोबरच जाणार, म्हणून आधी चर काढून निचरा करावा लागतो.