बागेचं फाटक

पुण्यातल्या कुणालाही ‘तुमची आवडती बाग कोणती?’ असं विचारून बघा. उत्तरावरून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो, बरं का! आजी-आजोबा म्हणतील, ‘आमचं पेशवे पार्क!’ कारण तिथे वाघ होता, हत्ती होता आणि १९५६ साली सुरू झालेली ‘फुलराणी’ नावाची चिमुकली आगगाडी होती. तुमच्या वयाची मुलं कदाचित सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं नाव घेतील. हे दहा एकरांचं उद्यान २००६ साली खुलं झालं. जपानच्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांपूर्वीची बाग आहे, तिच्या धर्तीवर ते केलेलं आहे.

बागा बदलतात. सारसबागेतल्या गणपतीला आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. पूर्वी तिथे खरोखरच मोठं तळं होतं. पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी ते बांधलं गेलं. तळं गेलं, बाग आली, नाव तेवढं राहिलं.

पेशवे पार्कही असंच बदललं. शहर वाढलं, बागेभोवती गाड्यांची वर्दळ वाढली आणि जनावरांना जागा अपुरी पडू लागली. मग १९९९ साली कात्रजला मोठं प्राणिसंग्रहालय झालं. जागा जवळजवळ १३० एकर, त्यातलं ४२ एकरांचं तर नुसतं तळंच! हळूहळू सगळे प्राणी तिकडे हलवले आणि २००५ पर्यंत पेशवे पार्कातले पिंजरे रिकामे झाले. माझा भाचा तेव्हा लहान होता. तो इतका हिरमुसला की विचारू नका. ‘मावशी, आता रविवारी जायचं कुठे?’ हा त्याचा प्रश्न. त्याचं नुकसान झालं होतं हे खरंच. पण वाघाला विचारलं असतं तर? वाघाने नक्कीच कात्रजच्या बाजूने मत दिलं असतं!

तेव्हापासून मला एक सवय लागली. कुठल्याही बागेत ‘सुधारणा’ झाली असं ऐकलं, की मी मनात विचारते, ‘कुणासाठी?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यानेच आमच्या गल्लीत मोठी गंमत घडवून आणली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटीशी बाग आहे. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, थोडी हिरवळ आणि मागच्या कोपऱ्यात एक जुनी बकुळ. सारसबागेत दिवाळी पाडव्याला पहाटेपासून गर्दी लोटते, एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात. तसलं मोठं काही आमच्याकडे नसतं. आमचा आपला कोजागिरीचा कार्यक्रम. दूध आटवायचं, भेळ करायची, भेंड्या लावायच्या आणि चंद्र डोक्यावर आला की घरी जायचं.

दोन-तीन वर्षांपूर्वीची कोजागिरी. माझी छोटी शेजारीण, तेव्हा सातवीत होती, फाटकाबाहेर थांबली होती. ती चाकाच्या खुर्चीवरून फिरते. बागेच्या दाराशी तीन पायऱ्या आणि वर लोखंडी नळ्यांचं वळणाचं फाटक. गुरं आणि स्कूटरी आत शिरू नयेत म्हणून केलेलं. माणूस तिरका होऊन आत जातो, खुर्ची काही जात नाही.

मी म्हटलं, ‘अगं, आम्ही दोघं-तिघं मिळून तुला उचलून नेतो की!’

ती हसली आणि म्हणाली, ‘नको काकू. मी काय पोतं आहे? मी इथूनच ऐकते गाणी.’

तिने चेहरा हसरा ठेवला होता, म्हणून मला जास्तच लागलं. तिच्या मैत्रिणींनाही लागलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तर चार-पाच जणी टेप घेऊन फाटक मोजताहेत! खुर्ची २६ इंच रुंद आणि फाटकातली वाट १६ इंच. म्हणजे दहा इंचांसाठी सगळी बाग अडली होती.

आमच्या इमारतीतले एक आजोबा निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांनी फरशीवर खडूने त्रिकोण काढला. ‘हे बघा पोरींनो, खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत वर जायची तर एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो. तुमच्या पायऱ्या तीन, प्रत्येकी सहा इंचांची. मग उतार किती लांब हवा?’ मुलींनी बोटांवर हिशेब केला, ‘अठरा फूट!’ शाळेत कंटाळवाणं वाटणारं त्रैराशिक असं कामाला आलं.

मुलींनी अर्ज लिहिला. पण सह्या गोळा करताना एक काकू म्हणाल्या, ‘एका मुलीसाठी एवढा खर्च? तिला दुसरीकडे नेता येईल ना.’ मुली गप्प झाल्या. मग त्यांनी काय करावं? दोन दिवस संध्याकाळी वही घेऊन फाटकाशी बसल्या आणि कोण कोण तिथून परत जातं ते लिहीत गेल्या. बाबागाडी घेऊन आलेली एक आई. वॉकर घेतलेल्या आजी. कुबड्या घेतलेले एक काका. गुडघे दुखतात म्हणून बाहेरच्या कट्ट्यावरच टेकणारे आजोबा. वहीचं पान भरलं. ते पान त्यांनी त्या काकूंना दाखवलं. त्यातल्या वॉकरवाल्या आजी म्हणजे काकूंच्या सासूबाईच होत्या! काकूंनी वाचलं आणि मुकाट्याने सही केली.

अर्जात आजोबांनी एक वाक्य घालायला सांगितलं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आहे आणि सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत असं तो सांगतो. ‘आपण उपकार मागत नाही आहोत,’ ते म्हणाले, ‘तेव्हा अर्ज नम्र असू दे, पण रडका नको.’

काम लगेच झालं असं समजू नका. चार-पाच फेऱ्या झाल्या. शेवटी उतार झाला, पण जेमतेम सहा फुटांचा! माझी शेजारीण मोठ्या उत्साहाने चढायला गेली आणि अर्ध्यावरून मागे घसरली. मैत्रिणींनी खुर्ची धरली म्हणून बरं. ‘अहो, ही तर दुसरी घसरगुंडी झाली!’ ती म्हणाली आणि सगळे हसले. पण मुली हसून थांबल्या नाहीत. आजोबांचा त्रिकोण कागदावर काढून त्यांनी पुन्हा अर्ज दिला. या वेळी काम करणारे मिस्त्रीकाका स्वतः आले, त्यांनी तिलाच विचारलं, ‘बाळ, तुला कुठून वळायला सोपं पडेल?’ मला वाटतं, खरी सुधारणा त्या क्षणी झाली. मग नऊ फूट उतार, मध्ये वळायला सपाट जागा आणि पुन्हा नऊ फूट उतार असं काम झालं. बाजूला तीन फुटांचं छोटं दारही बसलं.

त्यानंतर एका साध्याशा मंगळवारी संध्याकाळी ती एकटी आत आली. कार्यक्रम नव्हता, टाळ्या नव्हत्या. ती सरळ मागच्या कोपऱ्यात गेली. इतकी वर्षं बकुळीचा वास तिला रस्त्यावर यायचा, झाड मात्र तिने जवळून पाहिलंच नव्हतं. मैत्रिणी फुलं वेचून तिच्या ओंजळीत टाकत राहिल्या. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

‘काकू, आता झोपाळ्याचं काय करायचं?’

तेव्हा आमचा पुढचा अर्ज तयार होतो आहे! तुम्हीही एक करा. या रविवारी तुमच्या बागेत जाल तेव्हा आत शिरण्याआधी क्षणभर फाटकाशी थांबा. कोण आत जातंय ते बघाच, पण कोण परत फिरतंय तेही बघा. आणि खिशात एक टेप असू द्या.