चार रिमोट आणि एक आजी

ज्याच्या हातात रिमोट, त्याच्या हातात घर, असं आपण गमतीनं म्हणतो. पण आमच्या मानेसरच्या फ्लॅटमध्ये टीव्ही एक आणि रिमोट चार! टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा, साउंडबारचा आणि चौथा चिरंजीवांच्या प्लेस्टेशनचा. त्याला मात्र रिमोट म्हणायचं नाही, 'कंट्रोलर' म्हणायचं, अशी तंबी आहे.

दिल्ली-जयपूर महामार्गावरच्या या कारखान्यांच्या गावात नोकरीसाठी आलेली आमच्यासारखी मराठी कुटुंबं थोडीफार आहेत. सासरे गेल्यावर सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या. इथं भाजीवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळे हिंदी नाहीतर हरियाणवी बोलणारे. आम्ही दिवसभर बाहेर. त्यामुळे दुपारी आईंच्या कानावर मराठी पडणार ते टीव्हीवरूनच.

एकदा नणंदबाईंचा फोन आला. त्यांनी मालिकेत पुढं काय झालं विचारलं, तर आई म्हणाल्या, "तीन दिवस पाहिलीच नाही गं. टीव्ही बंद पडलाय."

टीव्ही ठणठणीत होता! झालं होतं एवढंच, की नातवानं खेळ संपवून प्लेस्टेशन बंद केलं, पण टीव्ही त्याच्याच जोडणीवर राहिला. अशा वेळी सेट टॉप बॉक्सच्या रिमोटनं कितीही चॅनेल बदला, आत ते बदलतातही, पण पडदा आपला काळाच.

"मला सांगायचं नाही का?" म्हटलं, तर आई हळूच म्हणाल्या, "प्रत्येक वेळी काय विचारायचं? माझंच डोकं आता चालेनासं झालंय."

हे वाक्य मला फार लागलं. ज्या बाईनं वीस वर्षं गल्लीतल्या भिशीचा हिशेब पैशापैशानं चोख ठेवला, तिला एका काळ्या पडद्यानं अडाणी ठरवावं?

बिनतारी रिमोट काही आजचा नव्हे. १९५५ मध्ये अमेरिकेत युजीन पॉली यांनी केलेल्या रिमोटमधून टॉर्चसारखा झोत टीव्हीच्या कोपऱ्यांवर मारावा लागे. निदान आपण काय करतोय ते दिसायचं तरी! आता रिमोटचे अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि कंट्रोलर तर ब्लूटूथवर चालतो. कोणतं यंत्र कुणाचं ऐकतं, हे म्हाताऱ्या माणसानं ओळखायचं कसं?

उपाय साधाच निघाला. टीव्हीच्या रिमोटवरच्या 'सोर्स' बटणावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. शिकवायचं काम नातवाकडे दिलं. "आजी, पडदा काळा दिसला की लाल ठिपका दाबायचा, सेट टॉप बॉक्सचं नाव आलं की थांबायचं." त्यानं स्वतः न दाबता आजीकडून दहा वेळा करून घेतलं. शिवाय नियम झाला: खेळ संपला की टीव्ही पुन्हा आजीच्या चॅनेलवर लावूनच उठायचं.

परवा तो विसरला. आईंनी स्वतःच चॅनेल लावलं आणि संध्याकाळी नातवाला चांगलं फैलावर घेतलं. त्यांचा तो चढलेला आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

घरात नवं यंत्र आणताना आपण किंमत पाहतो, वॉरंटी पाहतो. दुपारी घरात एकटं असणाऱ्या माणसाला ते लावता येईल का, हेही तेव्हाच पाहायला हवं, नाही का?